लोल, बाकी सर्व ठीक

"तू हे प्रत्येक वेळी शेवटी लोल का लिहितेस गं?" मावशीनं विचारलं तेव्हा मी तिच्या फोनमधली अक्षरं मोठी करून देत होते. तिला हल्ली बारीक दिसत नाही. सेटिंगमधली ती पट्टी मी उजवीकडे पार टोकापर्यंत सरकवली आणि चेक करायला म्हणून आमचंच चॅट उघडलं, तर नेमका माझाच दोन आठवड्यांपूर्वीचा मेसेज स्क्रीनभर पसरला. 'चार दिवस झाले ताप उतरत नाहीये, एकटीच आहे घरी, स्वतःच स्वतःला ओरडून गोळ्या देतेय लोल.' खाली मावशीचं, 'काळजी घे. गोळ्या वेळेवर घे.' आणि त्याच्याखाली परत माझं, 'हो गं लोल.' आपलंच वाक्य एवढ्या मोठ्या अक्षरात वाचायची आपल्याला सवय नसते, ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं, आणि ते शेवटचं लोल तर एका ओळीत मावलंच नव्हतं, खालच्या ओळीवर एकटंच जाऊन बसलं होतं.

मी म्हटलं, अगं ते लाफिंग आउट लाउड, म्हणजे मोठ्यांदा हसणे. मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला, परत मेसेज वाचला.

"तापात हसत होतीस?"

टोमणा नव्हता त्यात. तिला टोमणा मारायचा असता तर तिनं माझं नाव पूर्ण घेतलं असतं. खरोखरच विचारत होती ती, एखाद्या औषधाचा उपयोग विचारावा तसं. मी हसले (हे मात्र खरं, आवाजासकट) आणि म्हटलं तसं नाही गं, ते असंच असतं, सगळे लिहितात. "बरं," ती म्हणाली, "मला वाटलं 'लोभ असावा'चं काहीतरी शॉर्टफॉर्म आहे. म्हटलं चला, पोरीनं पत्राचं शेपूट तरी ठेवलंय." आणि मग ती मोठ्या अक्षरांत बाकीच्यांचे मेसेज वाचायला लागली आणि विषय तिच्यापुरता संपला.

माझ्यापुरता नाही संपला. कळावे, लोभ असावा, ही विनंती. लोभ आहेच, तो वाढावा. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी तिला माझ्या प्रत्येक रडगाण्याखाली लोभ असावा लिहून पाठवत होते आणि ती ते तसंच वाचून घेत होती, आणि आता मी तिला खरा अर्थ सांगून टाकला. त्या दिवशी रात्री मला राहून राहून वाटत होतं की तिचाच अर्थ बरा होता.

या गोंधळात ती एकटी नाही म्हणा. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन अधूनमधून आपल्या मेसेजच्या खाली लोल अशी सही करायचे, का तर त्यांना वाटायचं त्याचा अर्थ लॉट्स ऑफ लव्ह. रिबेका ब्रूक्स या संपादक बाईंनी 2012 साली तिथल्या वर्तमानपत्रांच्या वागणुकीवर चाललेल्या लेव्हसन चौकशीत शपथेवर हे सांगितलं, आणि हेही सांगितलं की खरा अर्थ कळल्यावर त्यांनी ते लिहायचं बंद केलं. एवढी गंभीर चौकशी चाललेली आणि सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते हे. मला त्या माणसाच्या राजकारणाशी काही घेणंदेणं नाही पण मला त्याची ती रात्र डोळ्यासमोर येते, ज्या रात्री अर्थ कळल्यावर त्यानं मागे जाऊन आपले सगळे जुने मेसेज नव्या अर्थानं वाचले असतील. वाचले असणारच. मी पण तेच केलं.

म्हणजे चॅटमध्ये वर ते भिंगाचं चिन्ह असतं ना, तिथे लोल टाकलं आणि बघत बसले. मोजायला सुरुवात केली होती, शंभरीनंतर सोडून दिलं. 'सगळ्यांसमोर झापलं मला आज लोल.' 'सॉरी गं उशिरा रिप्लाय करतेय लोल.' 'मला वाटतंय मला हे जमणारच नाहीये लोल.' 'पैसे कधी देतोयस लोल.' 'काल खूप रडले उगीचच लोल.' 'आठवण आली तुझी लोल.' एकही, अक्षरशः एकही वाक्य हसण्यासारखं नाही. आणि जिथे मी खरोखर हसले होते, मला आठवतंय ना, पोट धरून, ऑफिसमधून उठून बाहेर जावं लागलं होतं इतकं, तिथे लोल नाहीच. तिथे आहे 'मेले मी', 'थांब थांब', आणि 'हाहाहजहाहाा' असलं काहीतरी, मध्येच ज घुसलेला. खरं हसताना बोटं थरथरतात. खरं हसू नीट टाइप होतच नाही आणि लोल मात्र कधी चुकत नाही, तीन अक्षरं, रोमनमध्ये बरं का, एकदम शिस्तीत.

हे असं कधी झालं याचा मी विचार करायला लागले. सुरुवातीला तर आम्ही हसल्यावरच लिहायचो. बटणांचे फोन होते, एका मेसेजमध्ये 160 अक्षरं मावायची आणि देवनागरीत लिहायला गेलं तर फक्त 70, म्हणून मराठी पण इंग्रजी अक्षरांतच लिहायचो, ती ही अशी कंजूस, स्वर गाळलेली, आज वाचली तर मलाच कळणार नाही. पाचच्या बटणावर तीनदा दाबलं की एल, सहावर तीनदा की ओ, परत पाचवर तीनदा. पाच पाच पाच, सहा सहा सहा, पाच पाच पाच. अंगठ्याला ते पाठ होतं, पांघरुणात फोन धरून न बघता यायचं. आणि त्या रबरी बटणांचा तो आवाज, टिक टिक टिक, शेजारी झोपलेल्याला कळायचं की ही जागी आहे. नऊ वेळा बटण दाबायचं म्हणजे तेवढं हसू खरंच आलेलं असायला हवं. खूप नंतर कळलं की थाई भाषेत पाचला 'हा' म्हणतात आणि म्हणून थायलंडची माणसं हसली की चॅटवर नुसतं 555 लिहितात, हा हा हा. म्हणजे मी अंधारात जे पहिलं पाच पाच पाच दाबत होते ते थाईत ऑलरेडी हसून झालेलं होतं. काही संबंध नाही या दोन गोष्टींचा, मला माहितीये, पण मला हे इतकं आवडलं की इथे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मुळात हा शब्द कुणाचा यावर कॅनडातला वेन पिअरसन नावाचा माणूस सांगतो की माझा. ऐंशीच्या दशकात टेलिफोनच्या वायरीवरून चालणाऱ्या एका चॅटमध्ये मित्रानं काहीतरी इतकं विनोदी लिहिलं की तो आपल्या स्वयंपाकघरात एकटाच मोठ्यांदा हसला, आवाज भिंतींवरून परत आला, आणि हे समोरच्याला कळवायचं कसं म्हणून त्यानं ही तीन अक्षरं टाकली. खरं खोटं त्याचं त्याला माहीत. छापील पुरावा मिळतो तो मे 1989 मधला, फायडोन्यूज नावाच्या बातमीपत्रात अशा शॉर्टफॉर्मची यादी आली होती तिच्यात. पण गोष्ट खरी असो नसो, तिच्यात एक तपशील आहे जो मला टोचतो, तो म्हणजे तो एकटा होता. रिकाम्या घरात एकटा माणूस हसला आणि ते कुणालातरी कळावं असं त्याला वाटलं. म्हणजे शब्द जन्मला तोच एकटेपणात, आणि मी तापात पडून तो वापरला तर फार काही चुकलं असं नाही.

2011 च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीनं लोलला घेतलं, ओएमजी बरोबर. (ओएमजी तर 1917 सालचा निघाला, एका म्हाताऱ्या ब्रिटिश अॅडमिरलनं चर्चिलला लिहिलेल्या पत्रातला. आणि आपण पोरांना नावं ठेवतो.) तेव्हा त्या डिक्शनरीवाल्यांना लोलचा एक जुना अर्थ पण सापडला होता, 1960 पासूनचा. लिटल ओल्ड लेडी. लहानशी म्हातारी बाई. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टर लोकांच्या आपापसातल्या बोलीत ते चालायचं, 'लोल इन नॅड', म्हणजे लिटल ओल्ड लेडी इन नो अॅपरंट डिस्ट्रेस. लहानशी म्हातारी बाई आलीये, वरवर तरी काही त्रास दिसत नाहीये. मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवून दिला जरा वेळ. वरवर तरी काही त्रास दिसत नाहीये. माझ्या सगळ्या लोलचा अर्थ कुणीतरी माझ्या जन्माच्या आधीच लिहून ठेवला होता, आणि तो हसण्याचा नव्हताच.

जॉन मॅकव्हॉर्टर नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2013 साली एका भाषणात हेच सांगितलं होतं की लोलचा आता हसण्याशी संबंध उरलेला नाही, तो शब्द राहिलेलाच नाही, तो निपात झालाय. निपात म्हणजे आपल्या च, ना, हं सारखा. स्वतःला अर्थ नाही, पण वाक्याला चिकटला की वाक्याचा चेहरा बदलतो. आपण दोघं एकाच बाजूला आहोत ना, एवढंच तो विचारतो. हे मला एकदम पटलं कारण 'तू येशील' आणि 'तू येशील ना' यात काय फरक आहे हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या 'ना' मध्ये किती धाकधूक असते. लोल हा इंग्रजीचा 'ना' आहे, आणि तो आता आपण आपल्या वाक्यांना लावतोय, आपले स्वतःचे एवढे निपात असताना.

पण मला जास्त हलवलं ते दुसऱ्याच एका माणसानं. रॉबर्ट प्रोव्हाइन हे मेंदूचा अभ्यास करणारे प्राध्यापक होते, ते आणि त्यांचे विद्यार्थी बाजारात, रस्त्यावर, कॉलेजात लोकांच्या गप्पा चोरून ऐकत फिरायचे आणि कोण कधी हसलं ते लिहून घ्यायचे. काय मस्त काम आहे! असे 1,200 हसण्याचे प्रसंग त्यांनी जमवले आणि 1993 मध्ये छापले, आणि त्यात निघालं काय तर त्यातल्या जेमतेम 10 ते 20 टक्के वेळाच आधी काहीतरी विनोदासारखं बोललं गेलं होतं. बाकी सगळी माणसं 'बरं निघते मी', 'भेटून छान वाटलं' असल्या वाक्यांवर हसत होती. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता, 46 टक्के जास्त. आणि सगळ्यात भारी म्हणजे हसू वाक्याच्या मध्ये जवळजवळ कधीच येत नव्हतं, वाक्य संपलं की यायचं, जिथे आपण लिहिताना टिंब देतो बरोब्बर तिथे. म्हणजे जे मी चॅटमध्ये करत होते तेच सगळं जग तोंडानं पहिल्यापासून करतंय. लोल खोटं नाहीये, किंवा आपलं खरं हसूच आधीपासून थोडं खोटं आहे. कुठलं ते मला ठरवता येईना.

हे वाचल्यावर दोन दिवस मी लोकांना हसताना बघत होते, अगदी वेड्यासारखी. लिफ्टमध्ये दोघं जण शिरले, एकानं विचारलं सहावा ना, दुसरा म्हणाला हो सहावा, आणि दोघं हसले. सहाव्या मजल्यात हसण्यासारखं काय आहे? फोनवर 'हॅलो, आवाज येतोय का' म्हणून हसणारी बाई. स्वतःच्या आजाराचं नाव सांगून हसणारा माणूस. तो हसला तसा मी पण हसले, लगेच, विचार न करता, आणि मग घरी येईपर्यंत मला वाईट वाटत राहिलं की मी का हसले, पण हसले नसते तर त्याला किती उघडं पडल्यासारखं वाटलं असतं.

आपल्या भाषेत याला वेगळा शब्दच लागला नाही कधी, कारण आपल्याकडे 'सहज' आहे. 'उगाच आपलं' आहे. हे दोन्ही म्हणजे अस्सल मराठी लोल. बाबा फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, 'काही नाही, सहज केला.' मग माझी चौकशी, मग कुणाचं तरी लग्न ठरलं ते, मग फोन ठेवता ठेवता, 'आणि हो, परवा जरा बाथरूममध्ये पाय घसरला होता, विशेष काही नाही.' सहज केलेल्या फोनचं खरं कारण नेहमी शेवटच्या अर्ध्या मिनिटात असतं. ज्याला खरंच काही काम नसतं तो सहज म्हणतच नाही, तो सरळ गप्पा मारायला लागतो. आणि 'आपलं' बघा, 'आपलं विचारून ठेवलं', 'आपलं सांगितलं', त्यातलं आपलं कुणाचंच नसतं, ते नुसतं हात मागे घेतल्यासारखं असतं, दिलं तर दिलं नाही तर राहिलं. मला वाटतं माणसाला कुठल्याही भाषेत असा एक छोटासा शब्द लागतोच जो सांगतो की हे जे मी आत्ता बोलले ते तुला जड झालं तर तू ते बोललंच नाही असं समज.

फक्त सहज बोलताना आवाज असतो सोबत. बाबांच्या 'विशेष काही नाही' मधला किंचित वर गेलेला सूर मला कळतो. लोलला सूर नाही.

इथे मला ती गोष्ट सांगायला पाहिजे जी मी टाळतेय. माझी एक मैत्रीण, शाळेपासूनची. एका दुपारी तिचा मेसेज आला, 'जॉब गेला लोल.' मी मीटिंगमध्ये होते, टेबलाखाली फोन धरून वाचला, आणि लिहिलं, 'काय सांगतेस लोल.' तिनं लिहिलं, 'हो ना लोल.' मग मी एक तो डोळ्यात पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा टाकला, तोच, ज्याला 2015 साली ऑक्सफर्डनं वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं, आणि म्हटलं रात्री बोलू. रात्री बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. मला खरंच वाटलं की ती ठीक आहे, ती हसत होती ना. तीन महिन्यांनी भेटलो तेव्हा कॉफीचा कप दोन्ही हातात धरून ती म्हणाली, 'त्या दिवशी मला वाटलं होतं तू फोन करशील.' मी म्हटलं अगं तू लोल लिहिलं होतंस. ती म्हणाली, 'तू पण.'

यावर काय बोलणार. दोघींनी दार नुसतं लोटून घेतलं होतं, कडी कुणीच लावली नव्हती, आणि दोघी आपापल्या बाजूला उभ्या राहून समजत होतो की पलीकडची झोपलीये. मला राग पण आला होता खरं तर, तिचा. सरळ लिहायचं ना की मी घाबरलेय, ये. पण सरळ लिहिणं किती अवघड असतं ते बघा करून. मी नंतर एकदा ठरवून महिनाभर लोल बंद केलं होतं. 'आज खूप एकटं वाटतंय' असं लिहिलं आणि पाठवायच्या बटणावर अंगठा तसाच राहिला. शेवटी काही नसलं की ते वाक्य असं तुमच्याकडे बघतं. मी ते पुसलं आणि 'काय चाललंय' पाठवलं. आणि ज्यांना पाठवलं त्यांना पण त्रासच झाला, 'ठीक आहे' एवढंच लिहिलं तर दोघा तिघांनी विचारलं चिडलीयेस का. नुसत्या टिंबाचं पण तसंच. अमेरिकेत 2015 मध्ये 126 विद्यार्थ्यांना मेसेजमधली उत्तरं दाखवली होती, काहींच्या शेवटी पूर्णविराम होता काहींच्या नव्हता, तर पूर्णविरामवाली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसं काही वाटलं नाही. बिचाऱ्या पूर्णविरामानं काय वाकडं केलंय कुणाचं, पण झालंय खरं तसं, आणि त्याची रिकामी झालेली खुर्ची लोलनं घेतलीये. मावशी अजून प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देते. 'काळजी घे. गोळ्या वेळेवर घे.' मला ते तेव्हा किंचित कोरडं वाटलं होतं, आता सांगते.

म्हणतात लोल आता म्हातारं झालं. फेसबुकनं 2015 मध्ये आपल्या लोकांचं हसणं मोजलं तेव्हा निम्म्याहून जास्त हाहा निघालं, तिसरा हिस्सा इमोजी, आणि लोल फक्त 1.9 टक्के. पण मला ती मोजणी हसणाऱ्यांची वाटते, आणि लोल आता तिथे राहतच नाही. माझा भाचा तर म्हणतो लोल फक्त तुमच्या वयाचे लोक लिहितात, आणि तो स्वतः काय लिहितो तर कवटी. नुसती कवटी! म्हणजे मेलो. फ्रेंच लोक एमडीआर लिहितात, हसून मेलो. मरण आणि हसणं एवढं जवळजवळ का राहतं सगळीकडे कोण जाणे. जपानी लोकांचं त्यातल्या त्यात सुंदर आहे, त्यांच्या हसण्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर रोमनमध्ये डब्ल्यू, मग खूप हसलं की डब्ल्यूची रांग, ती रांग गवतासारखी दिसते, म्हणून आता ते हसले की सरळ 'गवत' असं लिहितात. डचमध्ये लोल हा आधीपासूनचा शब्द आहे, अर्थ मजा. वेल्शमध्ये पण आहे, अर्थ बाष्कळपणा. दोन्ही चपखल.

आणि मराठीत? आपण हहपुवा काढलं होतं की. हसून हसून पुरेवाट. आणि त्याच्यावरचं हहगलो, हसून हसून गडबडा लोळलो. मला ते लिहिताना पण लोळल्यासारखं वाटायचं, त्या लोमध्ये लोल पण लपलेलं होतं आणि लोळणं पण. पण ते टिकलं नाही फार, म्हणजे अजून कुणीतरी लिहितं अधूनमधून आणि वाचलं की जुना वर्गमित्र भेटल्यासारखं होतं. टिकलं नाही याचं कारण मला वाटतं ते फारच प्रामाणिक होतं. हहपुवा म्हणजे खरंच पुरेवाट व्हायला पाहिजे. 'जॉब गेला हहपुवा' असं कुणी लिहू शकत नाही. लोलचा अर्थ आपल्याला मुळात परका, म्हणून तो रिकामा करून त्यात हवं ते भरता आलं. तसं संस्कृतातून आलेलं लोल आपल्याकडे आहेच, हलणारं, अस्थिर, झुलणारं. त्यावरून लोलक. लहानपणी माझ्याकडे एक काचेचा लोलक होता, तुटलेल्या झुंबरातून मिळालेला, खिडकीत दोऱ्यानं टांगला होता. वारा आला की भिंतीवर रंगांचे ठिपके इकडून तिकडे पळायचे आणि मी ते पकडायला जायचे आणि हातावर फक्त रंग यायचा. त्या अर्थानं लोल लिहिलं तर मला चालेल. ताप उतरत नाहीये, मन जागेवर नाहीये, लोल.

मावशीला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. तिनं परत विचारलंही नाही.

मग गेल्या आठवड्यात दुपारी तिचा मेसेज. मोठ्या अक्षरांचा तिला फायदा झालेला दिसत होता, टायपिंगच्या चुका कमी होत्या. 'डोळे दाखवून आले. मोतीबिंदू पिकला आहे म्हणाले. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. लोल.'

पूर्णविरामासकट. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. म्हटलं हे मी शिकवलं तिला. सत्तरीच्या बाईला मी हे शिकवलं, की भीती वाटली की शेवटी काय लावायचं ते. 'अगं घाबरू नकोस' लिहिलं, पुसलं. 'हल्ली दहा मिनिटांचं असतं' लिहिलं, पुसलं. टेबलाखालचा तो फोन आठवला आणि उठून गच्चीत गेले आणि सरळ कॉल लावला. तिनं उचलला तो हसतच.

"मावशी, घाबरलीयेस का?"

"कशाला?" ती म्हणाली. "अगं ऐक तरी. मागच्या वेळी तिथे गेले होते ना, तेव्हा ती समोरची अक्षरं मी पाठ करून आले होते, म्हटलं परत विचारलं तर पटकन सांगता येतील. आज त्यांनी खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, म्हणाले वाचा. मी घडाघडा म्हणून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. तर ते म्हणतात आजी, मी अजून दिवाच लावला नाही." आणि ती परत हसायला लागली, मध्येच खोकला आला, खोकून झाल्यावर परत हसली. "ते पण हसले, ती नर्स पण हसली. बाहेर बसलेले पण हसले. तूच म्हणालीस ना मोठ्यांदा हसलं की लिहायचं. म्हणून लिहिलं. चुकलं का?"

नाही चुकलं, मी म्हटलं. माझ्या ओळखीत एवढं बरोबर लोल कुणी लिहिलं नव्हतं.

मग ती जरा वेळ काही बोलली नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, आणि तिच्या बांगड्यांचा, म्हणजे ती फोन या हातातून त्या हातात घेत असणार.

"मंगळवारी येशील ना तू?"

"येणारच आहे."

"नाही, सुट्टी मिळत नसेल तर राहू दे. मी आपलं उगाच विचारलं."